मास्टर्सला जायचंय? आधी मंडईला जाऊन या

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाची थिसिसची ज्यूरी (परीक्षकांसमोरचं सादरीकरण) आटोपली की माझ्या फोनवर एकाच साच्यातले मेसेज यायला लागतात. "मॅम, पॅरामेट्रिकमध्ये मास्टर्स करायचंय, कुठलं कॉलेज बेस्ट?" पॅरामेट्रिक म्हणजे आकडे आणि नियम देऊन संगणकाकडून आकार काढून घ्यायची डिझाइनची पद्धत. मी पुण्यात कर्वे रोडच्या मागे एका छोट्या आर्किटेक्चर ऑफिसात काम करते, आठवड्यातून एक दिवस कॉलेजात इलेक्टिव्ह शिकवते आणि याच विषयात जर्मनीतून मास्टर्स करून परत आले आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिकच आहे. उत्तर मात्र दोन ओळींत मावत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

कॉलेज हा यातला शेवटचा प्रश्न. आधी हे ठरवा की कॉम्प्युटेशन, म्हणजे डिझाइनमधलं हे संगणकाचं काम, तुम्हाला कशासाठी हवंय. कारण या एका नावाखाली तीन अगदी वेगळी कामं चालतात, आणि अर्ज करणाऱ्या बहुतेकांना ती वेगळी आहेत हे अर्ज पाठवून झाल्यावर कळतं.

एक काम म्हणजे वस्तू बनवणं. लाकूड, फायबर, माती, काँक्रीट यांच्या गुणधर्मांतून आकार काढायचा आणि तो रोबॉटच्या हाताने उभा करायचा. स्टुटगार्टचा आयटेक, झुरिकच्या ईटीएचमधला डिजिटल फॅब्रिकेशनचा एमएएस, लंडनच्या एए स्कूलमधला इमर्जंट टेक्नॉलॉजीज हे त्यातले कोर्स. इथे वर्कशॉपमध्ये हात काळे करावे लागतात. दुसरं काम म्हणजे डिझाइनची प्रक्रिया हाच अभ्यासाचा विषय धरून त्यासाठी अवजारं लिहिणं. एमआयटीचा एसमार्क्स कॉम्प्युटेशन, कार्नेगी मेलनचा कॉम्प्युटेशनल डिझाइन, लंडनच्या युसीएल विद्यापीठातल्या बार्टलेट या आर्किटेक्चर शाळेचा आर्किटेक्चरल कॉम्प्युटेशन हे त्या वळणाचे. इथे कोडिंगवाचून तरणोपाय नाही, आणि गणिताची भीती असेल तर दोन वर्षं जड जातील. तिसरं काम शहराचं आहे: रस्त्यांचं जाळं, सावली, पाणी, गर्दी, जमिनीचा वापर हे मोजून त्यावरून डिझाइनचा निर्णय घेणं. युसीएलचा स्पेस सिंटॅक्स, बार्सिलोनाच्या आयएएसीचा सिटी अँड टेक्नॉलॉजी हे थेट त्यातले. सिंगापूरच्या एनयूएसचं, अहमदाबादच्या सेप्टचं किंवा दिल्लीच्या एसपीएचं (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) अर्बन डिझाइन हे मूळचे स्टुडिओ कोर्स. तिथे कॉम्प्युटेशन तुम्ही स्वतः सोबत घेऊन जायचं.

यातलं काहीच काल जन्मलेलं नाही. आर्किटेक्ट क्रिस्टोफर अलेक्झांडर मूळचे गणिताचे. १९६४ साली छापलेल्या पुस्तकात त्यांनी उदाहरणाला घेतलं होतं ते एक भारतीय खेडं. त्या खेड्याच्या १४१ गरजा लिहून काढायच्या, कुठली गरज कुठलीत अडकते ते मांडायचं आणि संगणकाकडून त्यांचे गट पाडून घ्यायचे, असा तो खटाटोप होता. पुढच्याच वर्षी त्यांनी शहर हे झाडासारखं फांद्याफांद्यांत विभागता येत नाही, असा निबंध लिहिला. पद्धत स्वतः मांडायची आणि तिची मर्यादाही दाखवायची ही सवय आजच्या इंस्टाग्रामी पॅरामेट्रिकवाल्यांना लागली तर बरं होईल. लंडनमध्ये बिल हिलियर आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात स्पेस सिंटॅक्स सुरू केलं, तेही रस्ते एकमेकांना कसे जोडलेत यावरून माणसं कुठून जास्त चालतील याचा अंदाज बांधण्यासाठी. आणि "खरं शिक्षण बाहेरच" म्हणणाऱ्या काकांसाठी एक माहिती: आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी १९२७ साली आपल्या पुण्यातच जन्मले, १९६२ साली अहमदाबादला त्यांनी सुरू केलेली वास्तुकला शाळा म्हणजेच आजचं सेप्ट, आणि २०१८ चं प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं पारितोषिक, घेणारे ते पहिले भारतीय.

तीनपैकी आपला कल कुठे आहे हे ब्रोशर वाचून कळत नाही. एक छोटं काम करून बघावं लागतं. मी सगळ्यांना एकच सांगते, तेच इथे सांगते. पोर्टफोलिओतली चार चांगली पानंही यातूनच निघतात.

मंडईचं काम

मंडई मेट्रो स्टेशन घ्या. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सुरू झाला आणि पेठांच्या पोटात थेट स्टेशन आलं. प्रश्न साधा ठेवा: या स्टेशनपासून ५०० मीटर चालत कुठपर्यंत जाता येतं?

पुण्याच्या टीओडी (मेट्रो स्टेशनांना धरून शहर वाढवायच्या) धोरणातही स्टेशनभोवतीचे ५०० मीटरच धरले आहेत. नकाशावर तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं की साधारण ७८.५ हेक्टर जागा आत येते. पण माणूस काही वर्तुळातून उडत जात नाही. तो रस्त्याने जातो, कोपऱ्यावर वळतो, भिंत आली की वळसा घालतो. म्हणून दुसरी आकृती काढायची: रस्त्याच्या जाळ्यावरून मोजलेले ५०० मीटर. ही आकृती वर्तुळापेक्षा लहान आणि वेडीवाकडी येते. तिचं क्षेत्रफळ भागिले वर्तुळाचं क्षेत्रफळ, हा तुमचा पहिला आकडा.

करायचं कसं? क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते उतरवून घ्या. त्यातल्या क्विकओएसएम प्लगिनने ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरचे रस्ते खाली घ्या. पायथन येत असेल तर ओएसएमएनएक्स ही लायब्ररी हेच काम चार ओळींत करते. मग लगेच प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) बदला. पुणे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतं, त्याचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. हे केलं नाही तर सगळी अंतरं मीटरऐवजी अंशांत येतात. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या शीट्समध्ये सगळ्यात नेहमी दिसणारी चूक हीच. आकृती देखणी असते, आकडा निरर्थक असतो, आणि ज्यूरीतल्या कोणीतरी स्केलबार विचारला की सगळं कोसळतं. त्यानंतर नेटवर्क ॲनालिसिसमधला सर्व्हिस एरिया चालवा, आरंभबिंदू म्हणून स्टेशनचं प्रत्येक प्रवेशद्वार वेगळं द्या. स्टेशनच्या मध्यावर एकच ठिपका ठेवणं म्हणजे प्रवासी जमिनीतून सरळ वर उगवतात असं मानणं.

एवढं एका संध्याकाळी होतं. खरं काम याच्या पुढे आहे.

प्रिंट काढा, पायात चपला घाला आणि जा. मंडईच्या त्या जुन्या अष्टकोनी इमारतीपासून सुरुवात करा. तिथून तुळशीबाग, शनिपार, मागे शुक्रवार पेठेच्या गल्ल्या. नकाशात नसलेल्या वाटा शोधायच्या. वाड्याच्या दिंडीतून आत शिरायचं, चौकातल्या नळापाशी वळायचं, मागच्या बोळातून दुसऱ्या रस्त्याला लागायचं. तिथले लोक वर्षानुवर्षं असेच ये-जा करतात आणि ओपनस्ट्रीटमॅपला त्याचा पत्ता नसतो. प्रत्येक बोळाची रुंदी टेपने मोजा. दोन माणसं समोरासमोर आली तर कोणाला थांबावं लागतं ते बघा. कुठल्या दिंडीला रात्री कुलूप लागतं ते तिथल्या आजींना विचारा. "कशाला पाहिजे तुम्हाला?" असं त्या आधी विचारतील. खरं काय ते सांगा. बिल्डरची माणसं नाही हे एकदा पटलं की त्या अख्ख्या वाड्याचा इतिहास सांगतील, त्यामुळे वेळ हाताशी ठेवून जा.

घरी येऊन हे बोळ जाळ्यात काढायचे, आणि इथे पहिला डिझाइनचा निर्णय येतो. वाड्यातून जाणारी वाट खासगी आहे. ती रस्ता म्हणून मोजायची का? दिवसा मोजायची आणि रात्री नाही, असं करायचं का? रात्री कुलूप लागणाऱ्या वाटांना वेळेचा एक रकाना द्या आणि दोन आकृत्या काढा, सकाळी अकराची आणि रात्री अकराची. हा निर्णय तुमच्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर घेणार नाही. पोर्टफोलिओ बघणाऱ्याला तुमच्याविषयी जे जाणून घ्यायचं असतं ते नेमकं इथे दिसतं.

मग हाच प्रयोग बाणेर-बालेवाडीतल्या एखाद्या चौकाभोवती करा. तिथे रस्ते रुंद आहेत, आणि सोसायट्यांच्या कंपाउंड वॉलही लांबलचक आहेत. पलीकडच्या दुकानाचा फलक गॅलरीतून दिसतो आणि तिथे पोचायला अख्ख्या भिंतीला वळसा पडतो. दोन्ही आकृत्या शेजारी ठेवल्या की रुंद रस्ता आणि चालण्याची सोय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे एकाही वाक्याशिवाय कळतं.

आता पुढची पायरी. समजा बालेवाडीत भिंतीला दार पाडता येईल अशा १२ जागा तुम्हाला सापडल्या आणि त्यातल्या तीनच करायच्या आहेत. कुठल्या तीन? १२ मधून ३ निवडायचे २२० प्रकार होतात. प्रत्येक प्रकार जाळ्यात घालायचा, क्षेत्रफळ पुन्हा मोजायचं, यादी लावायची. लॅपटॉपला हे थोड्या वेळाचं काम आहे, हाताने करायचं तर ट्रेसिंगची गुंडाळी संपेल. कॉम्प्युटेशनल अर्बन डिझाइन म्हणजे हे. बरेच जण इथे जेनेटिक अल्गोरिदम (उत्क्रांतीसारखे चांगले पर्याय निवडत सुधारत जाणारी पद्धत) लावतात, कारण ग्रासहॉपर या पॅरामेट्रिक डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तो गॅलापागोस या नावाने तयार समोर दिसतो. २२० पर्यायांसाठी तो कशाला? सगळे तपासा आणि खात्रीने सांगा की सर्वोत्तम हाच. २० मधून ५ निवडायचे झाले की पर्याय १५,५०४ होतात आणि प्रत्येक पर्यायाला पाच-सात मिनिटांचं सिम्युलेशन लागत असेल, तेव्हा उत्क्रांतीच्या अल्गोरिदमची गरज पडते. हा फरक तोंडी सांगता आला पाहिजे. मुलाखतीत विचारतात.

सावली हाताने तपासा

ज्यांना शहरापेक्षा इमारतीत रस आहे त्यांनी मंडईऐवजी एखाद्या वाड्याचा चौक घ्यावा आणि उन्हाचं काम करावं. राइनो हे थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर, त्यातलं ग्रासहॉपर आणि ऊन-हवामान मोजणारं लेडीबग हे प्लगिन एवढं पुरतं. पुण्याची हवामान फाइल ईपीडब्ल्यू स्वरूपात फुकट मिळते. तीत वर्षातल्या ८,७६० तासांचं तापमान, आर्द्रता, सौर प्रारण, वारा असं सगळं असतं.

पण मॉडेल चालवायच्या आधी तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा.

पुण्याचं अक्षांश साधारण १८.५ अंश. २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, म्हणजे १० मीटर उंच भिंतीची सावली साधारण ९ मीटर पडते. मॉडेलमध्ये ती १४ किंवा ५ मीटर आली तर उत्तर दिशा, एकक किंवा तारीख, काहीतरी चुकलंय.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे ७३.८५ च्या आसपास. दर अंशाला चार मिनिटं धरली तर आपली खरी दुपार घड्याळाच्या बारानंतर साधारण पस्तीस मिनिटांनी होते. मॉडेल सर्वांत आखूड सावली बरोबर बाराला दाखवत असेल तर रेखांश किंवा टाइमझोन तपासा.

तिसरी गोष्ट पुस्तकी समजुतीची. "उत्तरेकडून ऊन येत नाही" असं पहिल्या वर्षापासून घोकलेलं असतं. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच उत्तरेकडे कललेला. मेच्या सकाळी उत्तरेच्या खिडकीतून फरशीवर आलेली उन्हाची तिरीप पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. लेडीबगमध्ये उत्तर भिंतीचे उन्हाचे तास काढले की तेच आकड्यांत दिसतं, आणि तुमच्या स्टुडिओ सरांना दाखवायला एक चांगला मुद्दा मिळतो. जरा सांभाळून दाखवा.

अवजारांबद्दल थोडंसं

अवजारांवर फार वेळ घालवू नका. राइनोचं ९० दिवसांचं पूर्ण व्हर्जन फुकट मिळतं आणि राइनो ६ पासून ग्रासहॉपर त्यातच येतं. विद्यार्थी परवाना एकदा घेतला की त्याची मुदत संपत नाही. युसीएलमधून आलेलं स्पेस सिंटॅक्सचं डेप्थमॅपएक्स, क्यूजीआयएस आणि ब्लेंडर फुकट आहेत. पायथन शिकाच. यादी, लूप, फंक्शन, फाइल वाचणं-लिहिणं इतकं पक्कं असेल तर बाकीचं तिथे गेल्यावर येतं. टिळक रोडवरचे आणि डेक्कनवरचे महागडे "पॅरामेट्रिक डिप्लोमा" घ्यायला मी कोणालाच सांगत नाही. तेवढ्या पैशात रॅम वाढवा.

एक गोष्ट मात्र पुण्यात बसून नक्की बघण्यासारखी आहे. महापालिकेत बांधकामाचे नकाशे तपासायला वापरलेलं ऑटोडीसीआर हे सॉफ्टवेअर पुण्यातल्याच कंपनीचं. मजल्यांचं क्षेत्रफळ, सेटबॅक (प्लॉटच्या हद्दीपासून सोडायची जागा), पार्किंग हे ड्रॉइंगच्या लेयरवरून वाचून नियमांशी ताडून बघायचं, हे काम ते करतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात यूडीसीपीआर ही बांधकामाची एकत्रित नियमावली आली. तिच्यातलं एखादं कलम, समजा उंचीनुसार बदलणारा सेटबॅक, ग्रासहॉपरमध्ये लिहून बघा. प्लॉट बदलला की किती एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम) प्रत्यक्षात बसतो ते लगेच दिसतं. ऑफिसात सँक्शन ड्रॉइंग करताना ज्याला तुम्ही कंटाळता तेच परदेशातल्या स्टुडिओत फार नवलाईचं ठरतं, कारण नियमांमुळे शहराला आकार कसा येतो हे तुम्ही आतून पाहिलेलं असतं. म्हणून माझं मत: बी.आर्क. संपल्यावर निदान एक पावसाळा साइटवर काढा, मग जा. गळणारा पॅरापेट पाहिलेला माणूस रोबॉटने रचलेल्या भिंतीला जास्त चांगले प्रश्न विचारतो.

कुठे आणि कसं

पुण्यातच राहायचं असेल तर कर्वेनगरच्या डॉ. भानुबेन नानावटी महिला वास्तुकला महाविद्यालयात डिजिटल आर्किटेक्चर या विषयात एम.आर्क. आहे. नियोजनाकडे ओढा असेल तर सीओईपीत नगररचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेशाचे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, सीनियरच्या आठवणीवर जाऊ नका.

पुण्याबाहेर पण देशातच जायचं तर गेट ही प्रवेशपरीक्षा द्या. आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्न, १०० गुण. पहिला भाग सगळ्यांना सारखा, दुसऱ्यात आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग यातलं एक निवडायचं. परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म आदल्या पावसाळ्याच्या शेवटी निघतात, आणि तिसऱ्या वर्षापासून पुढचे विद्यार्थी बसू शकतात. स्कोअर तीन वर्षं चालतो. चौथ्या वर्षात देऊन ठेवणं शहाणपणाचं, कारण थिसिसच्या वर्षात अभ्यास होत नाही, कोणी काहीही सांगो. एनआयटी आणि एसपीएंच्या जागा सीसीएमटी या सामायिक प्रवेशप्रक्रियेतून भरतात, आयआयटींची वाट वेगळी, सेप्टची स्वतःची प्रक्रिया. मान्यताप्राप्त ठिकाणी गेटवर प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. घरून पैसे न मागता शिकायचं असेल तर ही रक्कम हलक्यात घेऊ नका.

परदेशी कोर्स निवडताना नावावर विश्वास ठेवू नका. लंडनमध्ये एकाच संस्थेत "एम.आर्क." नावाच्या दोन पदव्या असू शकतात: एकीने तिथल्या आर्किटेक्टच्या परवान्याची दुसरी पायरी पूर्ण होते, दुसरीने होत नाही. बार्टलेटचं आर्किटेक्चर एम.आर्क. पहिल्या प्रकारचं, आर्किटेक्चरल डिझाइन आणि अर्बन डिझाइन एम.आर्क. दुसऱ्या. एएचा डीआरएल हा कोर्स सोळा महिन्यांचा, तोही दुसऱ्याच प्रकारचा. परत येऊन भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर चिंता नाही, कारण १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टखालची तुमची नोंदणी बी.आर्क.वर होते. पण कॉलेजात शिकवायचा विचार असेल तर परदेशी एम.एससी. इथे एम.आर्क.च्या बरोबरीची धरली जाईल का, हे जायच्या आधी लेखी विचारून ठेवा.

अमेरिकेसाठी एकच तपासा: कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) म्हणून नोंदलेला आहे का. पदवीनंतर कामासाठी १२ महिने सगळ्यांना मिळतात, स्टेम असेल तर वर आणखी २४. शेजारशेजारच्या दोन कोर्सांत एक स्टेम आणि दुसरा नाही असंही असतं. ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता, पण १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिने मिळणार आहेत. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं.

कोर्सपेक्षा माणूस बघा. गेल्या दोन वर्षांचे थिसिस उघडा आणि कोणाच्या हाताखाली झाले ते लिहून काढा. मोठ्या नावाचे प्राध्यापक वर्षातून दोनदा ज्यूरीला येतात, रोजचं शिकवणारे वेगळेच असतात. तिथे सध्या शिकत असलेल्या एखाद्या मराठी मुलाला किंवा मुलीला गाठा, आपले लोक सगळीकडे असतात. "छान आहे" यापलीकडे काढायचं असेल तर नेमकं विचारा: रोबॉटवर प्रत्यक्ष किती तास मिळाले? मटेरियलचा खर्च कोणी केला? ग्रुपमध्ये चार जण असताना कोड कोणी लिहिला? शेवटच्या प्रश्नाला लोक मन मोकळं करतात.

अर्जाचे कागद

पोर्टफोलिओ गणपतीच्या सुमारास सुरू करा, दिवाळीच्या आत पहिला खर्डा तयार ठेवा. अमेरिकेतल्या बऱ्याच मुदती डिसेंबर-जानेवारीत असतात. पाचही वर्षांचे सगळे स्टुडिओ कोंबू नका. चार कामं पुरेत, त्यातलं एक तरी असं असावं की ज्यात तुम्ही काहीतरी मोजलंय आणि मोजल्यामुळे डिझाइन बदललंय. ग्रासहॉपरच्या वायरींचा गुंता पूर्ण पानभर छापायची फॅशन आहे. तो कोणी वाचत नाही. त्याऐवजी तर्काची साधी आकृती काढा: काय घेतलं, काय केलं, काय निघालं. फसलेला एक पर्यायही दाखवा आणि तो का टाकला ते एका ओळीत लिहा. ग्रुपचं काम असेल तर तुमचा वाटा स्पष्ट सांगा.

एसओपीत (हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या निबंधात) "लहानपणी लेगो खेळताना" आणि प्रसिद्ध आर्किटेक्ट झहा हदीद नकोत. पहिल्याच परिच्छेदात तुमचा प्रश्न येऊ द्या. मंडईचं काम केलं असेल तर तो तुमच्याकडे आधीच आहे: खासगी वाटांवर चालणाऱ्या शहराचं जाळं मोजायचं कसं? आणि तो प्रश्न त्यांच्याकडच्या कुठल्या कामाशी जुळतो हे एका परिच्छेदात.

शिफारसपत्र प्रिन्सिपॉलकडूनच हवं असा घरच्यांचा आग्रह असतो. ज्यांनी तुमचं काम रात्री उशिरा स्टुडिओत बसून पाहिलंय त्यांच्याकडून घ्या. साइटवरच्या सीनियर आर्किटेक्टचं पत्रही चालतं. त्यांना किमान महिनाभर आधी सांगा, आणि मसुदा तुम्हालाच लिहून आणायला सांगितला तर निदान स्वतःच्याच एसओपीतली वाक्यं त्यात घालू नका.

पैसे

स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो शुल्क आहे. लंडन किंवा अमेरिकेच्या तुलनेत हे फार कमी, आणि आयटेक इंग्रजीत आहे. तरी बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनची सुरुवात करून जा, कारण भाड्याचं घर इंग्रजीत सापडत नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (हा सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा, जायच्या वेळी पुन्हा बघा). ही रक्कम फी नाही, तुमचाच राहण्याचा खर्च आहे, दर महिन्याला हप्त्याने परत मिळतो. आई-बाबांना हे शांतपणे समजावून सांगा.

शिष्यवृत्त्यांत डाड या जर्मन संस्थेची आर्किटेक्चरसाठी वेगळी आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि समाज कल्याण आयुक्तालय पुण्यातच असल्यामुळे शंका असेल तर जाऊन विचारता येतं. मराठा-कुणबी समाजासाठीच्या सारथी या संस्थेचीही परदेशी शिक्षणासाठी योजना आहे. या योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, आणि आपल्या विषयातल्या काही उत्तम संस्था स्वतंत्र शाळा असल्याने त्या क्रमवारीत दिसतच नाहीत. म्हणून शिष्यवृत्तीच्या भरवशावर जायचं असेल तर आधी क्रमवारी, मग कोर्स असा उलटा क्रम लावावा लागतो.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट खाते. शेवटच्या निकालाची वाट न बघता आधीच्या सेमिस्टरांची मागणी लगेच टाका. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. ते प्रवेश मिळण्याआधीही काढता येतं, तेव्हा ऑफर लेटरची वाट बघत बसू नका. आणि ऑफर आली की जागा राखायची अनामत भरण्यापूर्वी त्यांना एक ईमेल करा: व्हिसा नाकारला गेला तर ही रक्कम परत मिळेल का, आणि प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येईल का. उत्तर लेखी आल्यावरच पैसे पाठवा.